फुटबॉल मॅनेजरमध्ये संघ सतत हरतो आहे? नव्याने खेळणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

फुटबॉल मॅनेजर हा क्लबाचा मॅनेजर होऊन संघ चालवण्याचा संगणक गेम आहे. तो किंवा त्या जातीचा दुसरा एखादा गेम नव्याने सुरू करणाऱ्यांची एक तक्रार हमखास असते. पहिले चार-पाच सामने बरे जातात, मग संघ हरायला लागतो आणि त्यानंतर काहीही केले तरी गाडी रुळावर येत नाही. यातले ‘काहीही केले तरी’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. दुसऱ्या पराभवानंतर फॉर्मेशन, म्हणजे खेळाडूंची मैदानावरची मांडणी, बदलले जाते, तिसऱ्यानंतर अर्धा संघ बदलला जातो, चौथ्यानंतर कुणाची तरी तयार टॅक्टिक, म्हणजे खेळाची योजना, उतरवून घेतली जाते आणि पाचव्यानंतर सगळ्या खेळाडूंना झापले जाते. माझ्या अनुभवात नव्या मॅनेजरचे खरे नुकसान पहिल्या दोन पराभवांपेक्षा त्यानंतरच्या या धावपळीने जास्त होते. म्हणून पुढच्या सगळ्या पायऱ्यांचा रोख एकाच गोष्टीकडे आहे: कारण सापडल्याशिवाय बदल करायचा नाही आणि सापडल्यावर एका वेळी एकच बदल करायचा.

पायरी पहिली: शिकता येईल असा क्लब निवडा

नवा माणूस बहुधा दोन टोकांपैकी एक टोक गाठतो. काही जण जगातल्या सर्वांत बलाढ्य क्लबांपैकी एखादा घेतात. तिथे संचालक मंडळाला विजेतेपदाखेरीज काही चालत नाही आणि बेंचवर बसवलेला प्रत्येक नामवंत खेळाडू महिन्याभरात तक्रार घेऊन येतो. काही जण अगदी तळाच्या विभागातला क्लब घेतात, जिथे स्काउट, म्हणजे खेळाडू हेरणारे, नसतात, प्रशिक्षक मोजके असतात आणि निम्मे खेळाडू अर्धवेळ करारावर असतात. शिकण्याच्या दृष्टीने दोन्ही ठिकाणे वाईट आहेत, कारण पहिल्या ठिकाणी तुमच्या चुका खेळाडूंच्या गुणवत्तेखाली झाकल्या जातात आणि दुसऱ्या ठिकाणी तुमचे योग्य निर्णयही कमकुवत खेळाडूंमुळे फसतात.

एखाद्या देशाच्या दुसऱ्या विभागातला, हंगामपूर्व अंदाजात वरच्या अर्ध्यात असलेला क्लब माझ्या मते सर्वांत योग्य ठरतो. अशा क्लबात साधारण निम्मे सामने जिंकण्याइतकी ताकद असते आणि बाकीच्या निम्म्यांत तुमच्या निर्णयांनी फरक पडतो. पद स्वीकारण्यापूर्वी संचालक मंडळाच्या अपेक्षा नीट वाचाव्यात, कारण काही क्लबांना केवळ क्रमांक पुरत नाही. तरुण खेळाडूंना संधी द्यावी किंवा आक्रमक खेळ करावा, अशा अटीही त्यात असतात आणि त्या न पाळल्यास चांगला क्रमांक मिळवूनही मंडळ नाराज राहू शकते. वेतनाच्या अंदाजपत्रकात किती जागा शिल्लक आहे, हेही त्याच वेळी पाहून घ्यावे.

पायरी दुसरी: खरेदीआधी हातात असलेला संघ वाचा

पहिल्याच दिवशी ट्रान्सफरच्या, म्हणजे खेळाडूंच्या खरेदी-विक्रीच्या, पानावर धाव घेण्याचा मोह आवरला पाहिजे. फुटबॉल मॅनेजरमध्ये गोलरक्षक सोडून इतर प्रत्येक खेळाडूची ३६ गुणवैशिष्ट्ये दिसतात. त्यांपैकी १४ तांत्रिक, १४ मानसिक आणि ८ शारीरिक असून प्रत्येकाला १ ते २० पर्यंत अंक दिलेला असतो. याशिवाय सातत्य, महत्त्वाच्या सामन्यांतली कामगिरी, दुखापतींची प्रवृत्ती अशी काही वैशिष्ट्ये पडद्याआड असतात आणि त्यांचा अंदाज फक्त स्काउट किंवा प्रशिक्षकांच्या शेऱ्यांवरून बांधता येतो.

नवा मॅनेजर वेग आणि फिनिशिंग (गोल मारण्याचे कसब) यांच्याकडे आधी पाहतो, तर मानसिक स्तंभाकडे त्याचे लक्ष सर्वांत शेवटी जाते. बचावफळीत ही चूक फार महाग पडते. समजा, तुमच्याकडे दोन सेंटर-बॅक, म्हणजे मधले बचावपटू, आहेत. एकाचा वेग १५ आहे, पण मैदानावर योग्य जागी उभे राहण्याचा अंक ८ आणि एकाग्रतेचा ७. दुसऱ्याचा वेग ९ आहे, पण तेच दोन्ही अंक १४. पहिला खेळाडू धावताना देखणा दिसेल, पण त्याला इतके धावावे लागते आहे याचे कारण तो मुळात चुकीच्या जागी उभा होता. बचावरेषा फार पुढे नेणार नसाल, तर दुसराच निवडावा. हा ‘तर’ लक्षात ठेवावा, कारण रेषा पुढे नेली की हाच हिशेब उलटतो. तेव्हा मागे मोकळी राहिलेली चाळीस मीटरची जागा वेग ९ असलेल्या माणसाला सांभाळता येत नाही.

खेळाडूंच्या नावापुढच्या ताऱ्यांवर आंधळा विश्वास ठेवू नये. ते निरपेक्ष मोजमाप नसते. तुमच्याच संघातल्या इतर खेळाडूंच्या तुलनेत तुमच्या एखाद्या प्रशिक्षकाने व्यक्त केलेले ते मत असते आणि त्या प्रशिक्षकाची पारख कच्ची असेल, तर मतही कच्चे असते. चार ताऱ्यांचा तुमचा खेळाडू वरच्या विभागात गेल्यावर अडीच ताऱ्यांचा दिसू लागतो, याचेही कारण हेच आहे.

पहिल्या आठवड्यात एक कागद घेऊन काही साध्या प्रश्नांची उत्तरे लिहून काढावीत. सेंटर-बॅकपैकी वेगवान किती आहेत? हवेतला चेंडू जिंकणारे कोण? मधल्या फळीत बचावफळी फोडणारा पास देऊ शकणारा कुणी आहे का? नव्वद मिनिटे पळण्याचा दम किती जणांना आहे? तुमची टॅक्टिक या उत्तरांतून निघाली पाहिजे. सरावाचे वेळापत्रक, पत्रकार परिषदा, युवा संघाचे कामकाज हे सुरुवातीला निःसंकोच सहायक मॅनेजरकडे सोपवावे. तिथे लक्ष घालण्याची वेळ दुसऱ्या हंगामात येते.

पायरी तिसरी: एकच साधी टॅक्टिक, आणि तिला वेळ

४-४-२, ४-२-३-१ किंवा ४-३-३ (हे आकडे मागून पुढे प्रत्येक फळीतले खेळाडू दाखवतात) यांपैकी ज्या मांडणीत तुमचे सर्वाधिक खेळाडू आपापल्या नैसर्गिक जागी बसतात, ती घ्यावी. मेंटॅलिटी बॅलन्स्ड, म्हणजे मधल्या पातळीवर, ठेवावी. मेंटॅलिटी म्हणजे नुसता आक्रमणाचा जोर, असा नव्या मंडळींचा समज असतो. प्रत्यक्षात ती संघाने किती धोका पत्करायचा याची पातळी असते आणि तिच्याबरोबर पासची घाई, खेळाची गती, बचावरेषेची उंची, पुढे धावणाऱ्यांची संख्या हे सगळेच सरकते. त्यामुळे गोल होत नाहीत म्हणून मेंटॅलिटी दोन पायऱ्या वर नेली, तर गोल वाढतीलच असे नाही. चेंडू मात्र अधिक घाईने गमावला जातो.

संघाला द्यायच्या सूचना सुरुवातीला तीन-चारांच्या पुढे जाऊ देऊ नयेत, कारण प्रत्येक सूचनेची किंमत मोजावी लागते. सतत प्रेसिंग करायचे, म्हणजे चेंडू असलेल्या प्रतिस्पर्ध्यावर धावून दडपण आणायचे, तर खेळाडूंचा दम आणि मेहनतीची तयारी दोन्ही भक्कम हवीत, नाहीतर सत्तराव्या मिनिटानंतर संघ कोसळतो. गोलरक्षकापासून छोट्या पासने खेळ उभा करायचा तर गोलरक्षकासकट मागच्या पाच जणांना दडपणाखाली शांत राहता आले पाहिजे. यादीतली एखादी सूचना नुसती आकर्षक वाटते म्हणून निवडू नये. ती पाळणारे पाय आणि डोकी आपल्याकडे आहेत का, हे आधी कागदावरच्या उत्तरांशी ताडून पाहावे.

रोल, म्हणजे प्रत्येक खेळाडूची मैदानावरची भूमिका, ठरवताना मी एक कसोटी लावतो. एका बाजूचा फुलबॅक (कडेचा बचावपटू) आणि त्याच्या पुढचा विंगर (कडेचा आक्रमक) हे दोघेही जीव खाऊन पुढे धावणारे असतील, तर त्यांच्या मागची मोकळी जागा भरणारा माणूस मला बोटाने दाखवता आला पाहिजे. तो दाखवता येत नसेल, तर दोघांपैकी एकाने मागे थांबायचे. पुढच्या सहा जणांत एक चेंडू वाटणारा, एक बचावरेषेमागे धावणारा, एक चेंडू हिसकावणारा आणि एक जागा न सोडणारा एवढे असले, की मांडणी उभी राहते. नोव्हेंबर २०२५ मध्ये आलेल्या फुटबॉल मॅनेजर २६ मध्ये चेंडू आपल्याकडे असतानाचे आणि नसतानाचे रोल वेगवेगळे ठरवता येतात. तिथेही ही कसोटी तशीच लागू पडते, फक्त ती दोन्ही मांडण्यांवर वेगवेगळी लावावी लागते.

हंगामापूर्वीचे पाच-सहा मैत्रीपूर्ण सामने बहुतांशी आपल्याहून दुबळ्या संघांशी ठेवावेत. मोठ्या क्लबांशी खेळून तिजोरीत थोडी भर पडते, पण या काळात तुम्हाला टॅक्टिकची ओळख आणि मनोबल या दोनच गोष्टी कमवायच्या असतात. टॅक्टिकची ओळख ही गेममध्ये प्रत्यक्ष मोजली जाणारी बाब असून ती सरावाने आणि सामन्यांनी हळूहळू चढते. मांडणी मुळापासून बदलली, की तिचा बराचसा भाग पुन्हा कमवावा लागतो. दर दोन सामन्यांनी फॉर्मेशन बदलणाऱ्याचा संघ वर्षभर पहिल्याच महिन्यात अडकून पडतो. म्हणून निवडलेली मांडणी निदान आठ-दहा सामने मोडायची नाही, असे आधीच ठरवून टाकावे. इतरांची तयार टॅक्टिक उतरवून घेण्यात गैर काही नाही, पण ती का चालते हे उमगले नसेल, तर ती बंद पडेल त्या दिवशी तुम्ही पुन्हा पहिल्याच जागी असता.

पायरी चौथी: हरता तेव्हा सामना पाहा

सगळ्या लेखातली एकच पायरी करायची असेल, तर ही करावी.

या मालिकेचा पूर्वज असलेला चॅम्पियनशिप मॅनेजर १९९२ साली आला, तेव्हा सामना म्हणजे पडद्यावर सरकणाऱ्या वाक्यांची मालिका होती. २००३ मध्ये वरून दिसणारे मैदान आणि त्यावर फिरणारे ठिपके आले, तर २००९ च्या आवृत्तीपासून त्रिमितीय सामना दिसू लागला. आपला गोल कुठून झाला हे डोळ्यांनी पाहण्याची सोय आज प्रत्येकाकडे आहे. तरीही बहुसंख्य लोक फक्त ठळक क्षण सर्वाधिक वेगाने पळवतात आणि निकालाचा आकडा पाहून निर्णय घेतात.

पराभवांची मालिका सुरू झाली, की ठळक क्षणांची निवड विस्तारित करावी, वेग कमी करावा आणि जवळ एक वही ठेवावी. आपल्यावर झालेल्या प्रत्येक गोलासाठी तिच्यात एक ओळ लिहावी. कितव्या मिनिटाला झाला, चेंडू कुणी आणि कुठे गमावला, शेवटचा पास कोणत्या बाजूने आला, गोल करणाऱ्याला कुणी मोकळे सोडले. एवढे पुरते. पाच सामन्यांनंतर ही वही जे सांगते, ते कोणताही सल्लागार सांगू शकत नाही.

माझ्या एका दुसऱ्या विभागातल्या क्लबाचा नोव्हेंबर मला अजून आठवतो. सात सामन्यांत पाच पराभव झाले होते आणि माझा सगळा राग स्ट्रायकरवर, म्हणजे सर्वांत पुढच्या आक्रमकावर, होता, कारण त्या सात सामन्यांत त्याने एकच गोल केला होता. त्याला विकण्यासाठी मी इतर क्लबांना निरोपही धाडले होते. मग वही नीट वाचली. आमच्यावर झालेल्या अकरा गोलांपैकी सातांच्या पुढे ‘आपली उजवी बाजू’ असे लिहिलेले होते. ते सातही गोल मी चेंडू जाळ्यात जाण्याच्या वीस सेकंद आधीपासून पुन्हा पाहिले. दरवेळी चित्र तेच होते. आमचा उजवा फुलबॅक अटॅक ड्यूटीवर (गेममध्ये सतत पुढे जाण्याच्या नेमणुकीवर) असल्यामुळे प्रतिस्पर्ध्याच्या पेनल्टी क्षेत्रापर्यंत गेलेला असे आणि त्याच्या पुढचा विंगर, तोही अटॅकवरच, आत घुसलेला असे. मध्यभागी एक पास अडवला जाई. पुढचा लांब चेंडू थेट आमच्या रिकाम्या उजव्या कोपऱ्याकडे पडे. मग उजवा सेंटर-बॅक आपली जागा सोडून त्या बाजूला धावे, डावा सेंटर-बॅक दोघांत एकटा सापडे आणि मागे सरकवलेला जमिनीलगतचा क्रॉस पेनल्टीच्या ठिपक्याजवळ मोकळ्या धावत आलेल्या मध्यरक्षकाच्या पायावर पडे. या सगळ्यात स्ट्रायकरचा काडीचाही संबंध नव्हता.

मी दोनच ठिकाणी हात लावला आणि तेही एकाच दुखण्यासाठी. फुलबॅकची ड्यूटी अटॅकवरून सपोर्टवर, म्हणजे बेताने पुढे जाण्यावर, आणली आणि मधल्या जोडीतल्या उजव्या खेळाडूला जागा धरून ठेवायला सांगितले. फॉर्मेशन तेच राहिले, मेंटॅलिटी तीच राहिली आणि स्ट्रायकरही संघातच राहिला. पुढच्या सहा सामन्यांत वहीत ‘आपली उजवी बाजू’ हे शब्द एकदाच लिहावे लागले. त्या दिवसापासून कोणताही मोठा बदल करण्याआधी वही उघडायची, हा नियम मी मोडलेला नाही.

वहीतल्या मिनिटांचा स्तंभही बोलका असतो. बहुतेक गोल पंचाहत्तराव्या मिनिटानंतर होत असतील, तर दोष मांडणीचा नसून थकव्याचा आहे. अशा वेळी प्रेसिंगची तीव्रता उतरवावी, आठवड्यात दोन सामने असताना तीन-चार खेळाडू आलटून पालटून खेळवावेत आणि बदली खेळाडू साठाव्या-पासष्टाव्या मिनिटालाच उतरवावेत. पाच बदली खेळाडूंची मुभा २०२२ पासून फुटबॉलच्या नियमांतच कायमची आली आहे. ज्या स्पर्धेत ती लागू आहे, तिथे ती न वापरणे म्हणजे हातातले हत्यार म्यान करून लढण्यासारखे आहे. गोल सामन्याच्या पहिल्या दहा मिनिटांत होत असतील, तर एकाग्रता, मनोबल आणि सामन्यापूर्वीचे बोलणे यांकडे पाहावे.

आता सामन्याच्या आकडेवारीत दिसणाऱ्या एक्सजीविषयी (एक्स्पेक्टेड गोल्स, म्हणजे अपेक्षित गोल). प्रत्येक फटका ज्या जागेवरून आणि ज्या परिस्थितीत मारला, तिथून गोल होण्याची सरासरी शक्यता म्हणजे त्या फटक्याचा एक्सजी. पेनल्टीचा एक्सजी साधारण ०.७५ ते ०.८० च्या दरम्यान धरला जातो, तर दूरवरून घाईने मारलेल्या फटक्याचा ०.०५ च्याही खाली असू शकतो. तुमचा एक्सजी १.९ आणि प्रतिस्पर्ध्याचा ०.७ असूनही सामना ०-१ ने गेला, तर त्या एका सामन्यावरून काहीही बदलू नये, कारण फुटबॉलमध्ये गोल इतके थोडे होतात की दैवाचा वाटा मोठा राहतो. मात्र पाच सामन्यांची बेरीज करूनही प्रतिस्पर्ध्यांचाच एक्सजी जास्त येत असेल, तर दैवाला बोल लावून चालणार नाही. एका सामन्यावर रडायचे नाही आणि पाच सामन्यांकडे डोळेझाक करायची नाही, असे माझे प्रमाण आहे.

बदल केल्यावर त्याला तीन-चार सामने द्यावेत. दोन बदल एकदम केले आणि निकाल सुधारला, तर कोणत्या बदलाने सुधारला ते कळत नाही. निकाल बिघडला, तरी तीच पंचाईत. हरलेला सामना पुसून मागच्या सेव्हवरून, म्हणजे आधी साठवलेल्या गेमवरून, पुन्हा खेळणाऱ्यांना माझे एवढेच सांगणे आहे, की त्यामुळे तीन गुण मिळतील, पण उजवी बाजू उघडीच राहील.

पायरी पाचवी: समोरचा संघ कोंडून बसतो तेव्हा

हंगामाच्या मध्यावर एक वेगळेच संकट येते आणि त्यात चांगले खेळणारेच सापडतात. सुरुवातीला संघ जिंकत सुटतो, पत वाढते आणि मग अचानक तळाच्या संघांविरुद्धही ०-०, ०-१ असे निकाल लागू लागतात. गेम मुद्दाम अडवतो आहे, असा संशय अनेकांना येतो. वस्तुस्थिती अशी असते, की प्रतिस्पर्धी मॅनेजरांनी तुम्हाला बलवान मानायला सुरुवात केलेली असते. ते आता नऊ-दहा माणसे आपल्या पेनल्टी क्षेत्रासमोर उभी करतात आणि तुम्ही ज्या मोकळ्या जागेवर जगत होता, ती जागाच नाहीशी होते.

यावर नव्या मॅनेजरचा उपाय म्हणजे मेंटॅलिटी आणखी चढवणे, आणि नेमका तोच उपाय उलटतो. गर्दीत गती वाढवल्याने पास चुकतात आणि खेळाडू वैतागून दुरून फटके मारू लागतात. असा सामना संपल्यावर आकडेवारी पाहिली, तर वीस फटके आणि एकूण एक्सजी ०.९ असे काहीतरी दिसते. म्हणजे एका फटक्याची सरासरी ०.०४५, आणि त्या दराने एका गोलासाठी बावीस फटके लागतात. इथे गती एक पायरी उतरवावी, मैदानाची पूर्ण रुंदी वापरावी, चेंडू पेनल्टी क्षेत्रात नेऊनच फटका मारण्याची सूचना द्यावी आणि मधल्या फळीतून उशिरा धावत येणारा एक खेळाडू ठेवावा, कारण बचावपटूंचे डोळे चेंडूवर खिळलेले असताना मागून येणारा माणूसच मोकळा सापडतो. एवढ्यानेही कोंडी फुटत नसेल, तर बचावरेषा आणि प्रेसिंग दोन्ही थोडे मागे घेऊन प्रतिस्पर्ध्याला आपल्या अर्ध्यात येऊ द्यावे. तो पुढे आला, की त्याच्या मागे पुन्हा जागा तयार होते.

पायरी सहावी: कॉर्नर आणि फ्री किक

इतक्या कमी कष्टात इतके गोल दुसरीकडे कुठे मिळत नाहीत, तरी बहुतेक नवे मॅनेजर हे पान उघडूनही पाहत नाहीत. फुटबॉल मॅनेजर २०२४ पासून यासाठी वेगळा प्रशिक्षकही नेमता येतो. उडीची उंची आणि हेडिंग यांत सर्वांत सरस असलेला खेळाडू ज्या खांबावर चेंडू जाणार आहे तिथे हवा, एकाने गोलरक्षकासमोर उभे राहावे, एकाने पेनल्टी क्षेत्राबाहेर परतणाऱ्या चेंडूची वाट पाहावी आणि दोन वेगवान खेळाडूंनी प्रतिहल्ल्यासाठी मागे थांबावे. कॉर्नर घेणारा खेळाडू नावावरून निवडू नये, त्याचा कॉर्नरचा अंक पाहून निवडावा. एवढे एकदा, अर्ध्या तासात, बसवून ठेवले की वर्षभर पुरते.

पायरी सातवी: ड्रेसिंग रूम

२०१८ च्या आवृत्तीपासून फुटबॉल मॅनेजरमध्ये संघातली उतरंड उघडपणे दिसते. संघाचे नेते कोण, प्रभावी खेळाडू कोण, कोणाचा गट कोणता, हे सगळे तिथे असते. एका जानेवारीत मला एका तिशी ओलांडलेल्या उपकर्णधारासाठी चांगली रक्कम मिळत होती आणि तो फारसा खेळतही नव्हता, म्हणून मी त्याला विकला. दुसऱ्या दिवशी कर्णधारासह पाच जण दाराशी होते. त्यांच्याशी झालेली बैठक बिनसली, मनोबल खाली आले आणि फेब्रुवारी संपेपर्यंत आम्ही एकच सामना जिंकला. त्या उपकर्णधाराचे मैदानावरचे मोल थोडे होते, पण खोलीतले मोल मी पाहिलेच नव्हते. म्हणून कुणालाही विकण्यापूर्वी त्याचे उतरंडीतले स्थान पाहावे, आणि वरच्या फळीतला असेल तर विक्री उन्हाळ्यात करावी, जेव्हा नवे नेतृत्व घडायला वेळ असतो.

खेळाडूला दिलेले वचन पाळता येणार नसेल, तर ते देऊच नये. ‘या हंगामात तुला अधिक सामने देईन’ असे सांगून तो क्षण टळतो, पण गेम ते वचन विसरत नाही. पराभवानंतर रागावण्याच्या बाबतीत मी अपेक्षेची फूटपट्टी वापरतो. आपल्याहून बलवान संघाशी झुंजून हरलेल्या खेळाडूंना सहानुभूती द्यावी, तर तळाच्या संघाशी निष्काळजीपणे हरलेल्यांना नाराजी दाखवावी. प्रत्येक पराभवावर ओरडणाऱ्याचे ओरडणे तिसऱ्या वेळेनंतर कुणाच्या कानावर पडत नाही.

पायरी आठवी: पैसा आणि करार

ट्रान्सफरची रक्कम डोळ्यांत भरते, पण क्लबाचा श्वास कोंडतो तो वेतनाने. दर आठवड्याला १०,००० इतके वेतन म्हणजे वर्षाला ५,२०,००० आणि चार वर्षांच्या करारात २०,८०,०००, तेही बोनस सोडून. तिशीच्या पुढच्या खेळाडूला लांब करार दिला, तर त्याची शेवटची दोन वर्षे तुम्ही बेंचसाठी पैसे मोजत असता आणि एवढ्या वेतनामुळे त्याला विकत घ्यायलाही कुणी येत नाही. दुसऱ्या विभागातून वर जाण्याची शक्यता असेल, तर बढती मिळाल्यावर वेतन आपोआप वाढवणारे कलम शक्य तितके टाळावे, मात्र विभाग घसरल्यास वेतन कमी होण्याचे कलम आग्रहाने घालून घ्यावे.

कराराचे शेवटचे सहा महिने उरलेल्या खेळाडूशी दुसऱ्या देशातला क्लब थेट बोलणी करू शकतो, आणि १९९५ च्या बोसमन निकालानंतर करार संपलेल्या खेळाडूसाठी युरोपात मूळ क्लबाला रक्कम द्यावी लागत नाही. याचे दोन अर्थ होतात. जानेवारीत दरवर्षी करार संपत आलेल्या परदेशी खेळाडूंची यादी स्काउटकडून मागवून घ्यावी, आणि आपल्या महत्त्वाच्या खेळाडूंचे करार दोन वर्षे उरलेली असतानाच वाढवावेत. खरेदीपूर्वी स्काउटिंग पूर्ण होऊ द्यावे. गुणवैशिष्ट्याऐवजी ‘९ ते १५’ अशी कक्षा दिसत असेल, तर तो खेळाडू १५ चा आहे असे मनात धरून किंमत मोजण्याची चूक मी स्वतः अनेकदा केलेली आहे.

पायरी नववी: घसरणीच्या छायेतला हिशेब

हे सगळे करूनही पहिला हंगाम तळाशी जाऊ शकतो. अशा वेळी शेवटच्या दहा-बारा सामन्यांत गुणांचे गणित डोळ्यांसमोर असावे. विजयाला तीन गुण देण्याची पद्धत इंग्लंडमध्ये १९८१ पासून आणि विश्वचषकात १९९४ पासून आहे, आणि आज ती जवळपास सगळीकडे चालते. तीन सामने बरोबरीत सोडवले तर तीन गुण मिळतात, तर एक जिंकून दोन हरले तरी तितकेच. म्हणून तुल्यबळ संघाविरुद्ध ऐंशीव्या मिनिटाला बरोबरी असेल, तर पुढे जाणे बहुधा फायद्याचे ठरते. धोका पत्करल्याने विजय आणि पराभव यांची शक्यता समसमान होत असेल, तर सरासरी दीड गुण हाती येतो आणि बरोबरी राखण्याचा एकच. आपल्याहून बऱ्याच बलवान संघाविरुद्ध ही समानता राहत नाही, तिथे बरोबरीचा एक गुण घट्ट धरून ठेवावा आणि वेळ काढावा.

या दोन्ही प्रसंगांसाठी मी दोन टॅक्टिक आधीच तयार करून ठेवतो. मांडणी मुख्य टॅक्टिकचीच असते, म्हणजे खेळाडूंची ओळख वाया जात नाही. एकीत मेंटॅलिटी दोन पायऱ्या वर आणि फुलबॅक पुढे, तर दुसरीत मेंटॅलिटी दोन पायऱ्या खाली, रेषा मागे आणि पास सावकाश. सामना थांबवायचा, वहीत त्या दिवशी प्रतिस्पर्धी कोणत्या बाजूने येतो आहे ते पाहायचे, त्या बाजूच्या फुलबॅकला मागेच ठेवायचे आणि मग दोहोंपैकी एक टॅक्टिक लावायची.